खखाखखेखा ओळखा: ऑनलाइन मित्रांसोबत सिनेमा-मालिकांचा खेळ कसा मांडायचा

खखाखखेखा.

हे खोकल्याचं औषध नाही, एका मराठी सिनेमाचं नाव आहे. आमच्या ग्रुपवर असं काही पडलं की पुढची दोन मिनिटं कुणी फोन खाली ठेवत नाही. उत्तर पुढे येईलच, तोवर तुम्हीही डोकं खाजवा.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही चौघं नागपूरकरांनी कंटाळून हा उद्योग सुरू केला. आता अकरा जण आहोत. निम्मे इथले, तिघं पुण्याचे, एक दुबईत, एक न्यू जर्सीत. त्यातल्या दोघांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेली नाही, पण कुणाला कुठल्या दशकातले सिनेमे पाठ आहेत ते झोपेतही सांगेन. "आम्हालाही सुरू करायचंय, कसं करू?" असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण नवखी मंडळी हमखास इथेच अडखळतात. पंच म्हणून प्रश्न काढायला बसलं की माणसाला आपल्याला किती माहिती आहे ते दाखवायची खुमखुमी येते. मग "अमुक सिनेमाचा ध्वनिमुद्रक कोण?" असले प्रश्न निघतात. समोरचे गप्प, पंच खूश, आणि तिसऱ्या शनिवारी ग्रुपवर फक्त "सॉरी, आज पाहुणे आलेत" असे मेसेज. प्रश्न लोकांना अडवायला नसतो, उत्तर सापडायला असतो. उत्तर फुटल्यावर "अरे हो की, कसं सुचलं नाही!" आलं तर प्रश्न जमला. "असेल बुवा" आलं तर वाया गेला. पुढचं सगळं याच एका मापानं मोजा.

माणसं आणि वेळ

सहा ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की कुणीतरी कोपऱ्यात नुसतं बसून राहतं. वयं मात्र मिसळलेली हवीत. सगळे पंचविशीतले असले तर वेब सिरीजच्या पलीकडे गाडी जात नाही, आणि सगळे साठीतले असले तर चिमणराव-गुंड्याभाऊच्या अलीकडे येत नाही. आम्ही जोड्या लावतो, एक मोठं आणि एक लहान. माझी मामी आणि तिचा कॉलेजातला पुतण्या ही आमची सगळ्यात धोकादायक जोडी. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव तिला येतो, कालपरवा ओटीटीवर आलेलं त्याला येतं, मधलं दोघं भांडून काढतात.

परदेशात कुणी असेल तर वेळ नीट लावा. नागपुरात शनिवारी रात्रीचे साडेनऊ म्हणजे दुबईत आठ. न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे बारा आणि हिवाळ्यात सकाळचे अकरा, कारण तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं हलवतात. पहिल्या वर्षी आमच्या हे लक्षात आलं नाही. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तो बिचारा खेळ संपल्यावर आला, वर आम्हालाच म्हणाला, "काऊन बे, माझ्याशिवाय कसं सुरू केलं?"

कुठे खेळायचं

यात फार गुंतू नका. जिथे तुमची माणसं आधीच आहेत तिथेच खेळा. आम्ही बोलणं व्हिडिओ कॉलवर करतो आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर घेतो. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त माणसं असली की तासाभरात कॉल बंद होतो, झूमवर चाळीस मिनिटांत. त्याचा फायदाच करून घ्या, एक डाव तेवढ्यातच बसवा.

कॉल जमणार नसेल तर टेलिग्रामच्या पोलमध्ये क्विझचा प्रकार आहे. बरोबर पर्याय आधीच ठरवून ठेवता येतो आणि दिवसभरात ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो उत्तर देतो. काहूट हे क्विझचं अ‍ॅप दिसायला झकास, पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. म्हणजे ज्याचं नेट हळू, तो हुशार असूनही मागे. चित्र काढून ओळखायचं असेल तर स्क्रिबल ही वेबसाइट आहे, त्यात आपली स्वतःची नावं घालता येतात. मात्र तिथे स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं, म्हणून मराठी नावं एका शब्दाचीच द्या. नाहीतर उत्तर माहीत असलेला माणूस 'व' की 'ब' यातच मरतो.

अंताक्षरी ऑनलाइन करायच्या फंदात पडू नका. आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोचतो, दोघं एकाच वेळी गायला लागतात आणि कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. आम्ही तीनदा प्रयत्न केला, तिन्हीदा हसून हसून पोट दुखलं, पण खेळ झाला नाही.

आणि नागपूरकरांसाठी खास: एप्रिल ते जून माइक बंद ठेवूनच बसायचं आणि बोलण्यापुरता उघडायचा. कूलरशेजारी बसून माइक चालू ठेवला की पुण्याच्या लोकांना वाटतं आपण हेलिकॉप्टरमधून खेळतोय.

'ख'ची बाराखडी

आता मुख्य गंमत. शाळेत मागच्या बाकावर सिनेमाचं नाव ओळखायचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो. वहीत रेघा मारायच्या, स्वर उघडे ठेवायचे, वर बॉलीवूड हा शब्द इंग्रजीत लिहायचा आणि दर चुकीला त्यातलं एक अक्षर काटायचं. नऊ अक्षरं म्हणजे नऊ चुका. हाच खेळ देवनागरीत फोनवर खेळायचा झाला तर पंचाईत होते, रेघेवर मात्रा टाइप करता येत नाही. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. नावातल्या प्रत्येक व्यंजनाच्या जागी ख घालायचा. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं जशीच्या तशी. अ, आ, इ असे सुटे स्वरही तसेच.

म्हणजे झपाटलेला झाला खखाखखेखा. पिंजरा झाला खिंखखा. श्यामची आई झाली ख्खाखखी आई, आणि अशी ही बनवाबनवी झाली अखी खी खखखाखखखी. हे मोठ्यानं वाचून दाखवायची जबाबदारी पंचावर असते आणि पंचानं हसायचं नसतं. अजून कुणाला जमलेलं नाही.

चुका मोजायला आम्ही 'संत्रानगरी' वापरतो. पाच अक्षरं, पाच चुका. अक्षर विचारायचं, असेल तर पंच उघडतो, नसेल तर संत्रानगरीतलं एक अक्षर गेलं. एक डाव जवळून दाखवते. मी दिलं: खिंखाखख. मामीनं विचारलं, "न आहे?" आहे. मग झालं खिंखाखन. पुण्याच्या वहिनींनी विचारलं, "क?" नाही, 'सं' गेला. पुतण्यानं विचारलं, "स?" आणि स दोन ठिकाणी उघडला: सिंखासन. त्याबरोबर चार जण एकदम ओरडले. डॉ. जब्बार पटेलांचा सिंहासन पुतण्यानं पाहिलेलासुद्धा नव्हता, पण नाव तर त्यानंच उघडलं. मला हा प्रकार आवडतो तो यासाठीच. न पाहिलेल्या सिनेमाचं नावही तर्कानं काढता येतं, आणि गूगलवर खिंखाखख शोधून काही मिळत नाही.

नाव निवडताना थोडं बघा. दोन-तीन अक्षरी नावं टाळा. श्वासचं ख्खाख होतं, त्यात पकडायला काही उरत नाही. ऐ आणि औ या मात्रा फार चुगलखोर असतात, सैराटचं खैखाख केलं तर कुणाला एकही अक्षर विचारावं लागत नाही. तेच शब्द पुन्हा येत असतील तर तेही लगेच फुटतं. जैत रे जैतचं खैख खे खैख चार सेकंद टिकलं. मालिका मात्र या खेळात अप्रतिम चालतात, कारण त्यांची नावं लांबलचक. खाख खिखख खाखूखे हे सोडवून बघा. २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांवर चालली आणि तीन हजारांवर भाग झाले, एवढी मदत करते.

एकदा मी 'खो-खो' दिला. त्या नावाचा २०१३ चा मराठी सिनेमा आहे. लोक एकेक अक्षर विचारत राहिले, मी नाही नाही म्हणत राहिले आणि पाचही चुका संपल्या. उत्तर सांगितल्यावर ग्रुपवर माझा जो उद्धार झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

शिडी

दुसरा प्रकार जरा मेहनतीचा, पण ग्रुप टिकतो तो यामुळे. एका माणसाचे किंवा सिनेमाचे पाच संकेत काढायचे, अवघडाकडून सोप्याकडे. पहिल्यावर ओळखलं तर पाच गुण, दुसऱ्यावर चार, असं खाली. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाला एकदाच उत्तर द्यायची मुभा, चुकलं तर पुढच्या पायरीपर्यंत गप्प.

माझी आवडती शिडी अशी. पहिला संकेत: पुण्यात जन्म, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण. यावरून नक्की कुणी सांगता येत नाही, पण डोक्यात चाळीसएक नावं फिरू लागतात, आणि तेवढंच हवं असतं. दुसरा: वयानं स्वतःपेक्षा मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चनची पडद्यावर आई झाल्या. तिसरा: १९८४ च्या एका सिनेमात म्हातारीची भूमिका केली, आणि त्यांच्या नवऱ्याचं काम करणारा नट तेव्हा तिशीतही पोचला नव्हता. चौथा: सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा पारितोषिक मिळवलं. पाचवा: वर ज्या मालिकेचा खाख खिखख झाला, तिच्यातल्या सासूबाई.

रोहिणी हट्टंगडी. अग्निपथ, सारांश, मग गांधीमधली कस्तुरबा, शेवटी चार दिवस सासूचे. आमच्याकडे मामी दुसऱ्याच पायरीला "अग्निपथ!" म्हणून किंचाळली, पण नाव आठवायला तिला आणखी एक पायरी लागली. त्या मधल्या वेळात ती खोलीभर फेऱ्या मारत होती ते आम्हाला कॅमेऱ्यात दिसत होतं.

शिडी रचताना लक्ष द्यायचं ते मधल्या पायऱ्यांकडे. पहिली पायरी खरी असावी, पण ढोबळ. शेवटची घरातल्या कुणालाही यावी, म्हणजे कुणी रिकाम्या हातानं जात नाही. तिसऱ्या पायरीत मात्र असं काहीतरी हवं की माणसाला दोन गोष्टी जोडाव्या लागतील. नुसती जन्मतारीख, पुरस्काराचं साल, सिनेमांची संख्या असलं तिसऱ्या पायरीवर घालू नका, त्यातून काही जुळत नाही. "नवरा झालेला नट तिशीतही नव्हता" म्हटल्यावर डोळ्यांपुढे चेहरा येतो. साल म्हटल्यावर कॅलेंडर येतं.

झपाटलेलावर शिडी करायची असेल तर तात्या विंचूपासून सुरू करू नका, तिथेच संपेल. तो बाहुला तयार करणारे रामदास पाध्ये, आणि त्यांच्या वडिलांचा अर्धवटराव, इथून सुरुवात करा.

शब्द मोजूनमापून

आता माझी फजिती. मी विचारलं होतं, "पहिलं सुवर्णकमळ कुठल्या सिनेमाला मिळालं?" उत्तर माझ्याकडे लिहिलेलं, श्यामची आई, आचार्य अत्रे. सहा जणांनी बरोबर दिलं. मी गुण वाटायला घेतले तोच ग्रुपमधले निवृत्त शिक्षक काका शांतपणे म्हणाले, "ताई, १९५४ साली दिलं ते राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. सुवर्णकमळ हे नाव नंतरचं." पुढचा अर्धा तास नुसता वाद. सहा जणांचे गुण ठेवायचे की काढायचे यावर दोन वहिनी आठवडाभर अबोला धरून होत्या. (गुण ठेवले. पंच मीच होते.)

तेव्हापासून 'पहिला', 'सर्वात' आणि 'एकमेव' हे तीन शब्द दिसले की मी प्रश्न परत वाचते. भारताचा पहिला कथापट विचारलात तर राजा हरिश्चंद्र म्हणणारे नऊ असतील आणि दादासाहेब तोरण्यांचा १९१२ चा श्री पुंडलिक काढणारा एक असेलच, आणि त्या एकाला गप्प करणं सोपं नसतं. त्यापेक्षा "दादासाहेब फाळक्यांचा, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला सिनेमा" असं विचारा. भांडायला जागाच नाही.

सालाचंही तसंच. कोर्ट व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ ला दाखवला, आपल्या थिएटरात एप्रिल २०१५ ला आला. फँड्री महोत्सवात २०१३ ला, थिएटरात फेब्रुवारी २०१४ ला. साल विचारायचंच असेल तर "थिएटरात कधी लागला" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर विचारूच नका.

मालिकांमध्ये नट बदलतात हे विसरू नका. माझ्या नवऱ्याची बायकोमधली शनाया कोण, याला दोन बरोबर उत्तरं आहेत, रसिका सुनील आणि ईशा केसकर. खरं तर प्रश्न उलटा करा. एकच भूमिका या दोघींनी केली, ती कोणती? तोच मजकूर, पण आता प्रश्न चांगला झाला.

घरचं मैदान

प्रत्येकाला आपल्या गावची फेरी ठेवायची हौस असते. आम्हीही ठेवली. राजकुमार हिरानी नागपूरचे. झुंड इथलाच, झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसेंवर बेतलेला. कट्यार काळजात घुसलीचा सिनेमा २०१५ चा, पण मूळ नाटक १९६७ चं आणि लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरकर. महेश एलकुंचवारांच्या नाटकांवरून गोविंद निहलानींचा पार्टी आणि केतन मेहतांचा होली झाला, आणि होलीत अगदी कोवळा आमिर खान आहे. एवढा माल हाताशी असल्यावर आम्ही फुशारलोच.

ती फेरी सपशेल पडली. इथले तेवढे उत्तरं देत राहिले आणि बाकीचे चहा करायला गेले. त्यांचं खरं होतं, लिबर्टीत कुठला सिनेमा किती आठवडे चालला याच्याशी दुबईच्या माणसाला काय देणंघेणं? मग आम्ही उलट केलं. गाव उत्तरात ठेवायचं नाही, संकेतात ठेवायचं. "कोवळा आमिर खान, कॉलेजचं हॉस्टेल, मूळ नाटक नागपूरच्या नाटककाराचं." आता पुणेकर आमिरकडून येतात, आम्ही नाटकाकडून, आणि होली या उत्तरावर दोघंही एकदमच पोचतात.

माझ्या नवऱ्याची बायकोमधल्या राधिकेचं माहेर नागपूर, हे मात्र पुण्याच्या वहिनींनी आमच्या आधी सांगितलं. तिच्यासारखं नागपुरात खरंच कोण बोलतं, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

नियम

चारच आहेत. पंचाचा निर्णय शेवटचा आणि पंच दर आठवड्याला बदलणार. उत्तर टाइप करून थांबायचं, पंच "पाठवा" म्हणाला की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. यामुळे नेट हळू असलेला मार खात नाही, आणि दुसऱ्याचं बघून लिहिता येत नाही. कुणाचं आधी आलं यावर वाद झाला तर पंचाच्या फोनवरचा क्रम खरा. आणि पाठवल्यावर दुरुस्त केलेला मेसेज बाद. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण तसं केल्याची खूण खाली राहते, म्हणून फार हुशारी करू नका.

गूगल करणारे असतातच. त्यांच्यामागे लागू नका, वेळ कमी करा. वीस सेकंदांत शोधून, वाचून, टाइप करणं अवघड असतं. सिनेमातल्या दृश्याचा फोटो देऊन ओळखायला लावणं मात्र आम्ही बंद केलं, फोनचा कॅमेरा त्यावर धरला की काम संपतं. त्याऐवजी दृश्य शब्दांत सांगा. इमोजीही जपून वापरा. कट्यार आणि लाल बदाम शेजारी ठेवलेत तर खेळ सुरू होण्याआधी संपला.

शुद्धलेखनाला गुण कापू नका. नव्या सिनेमाचा शेवट प्रश्नात घालू नका. पैसे लावू नका. आणि कॉलची लिंक ओळखीच्या माणसांपलीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर "तुम्ही बक्षीस जिंकलात, ओटीपी सांगा" म्हणणारा पाहुणा तुमच्या डावात येऊन बसेल.

पहिला शनिवार

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांवर जाऊ नका. चार खखाख, दोन शिड्या, आणि मध्ये पाच मिनिटं नुसत्या गप्पांसाठी. प्रश्न ठरवलेत त्यापेक्षा दोन जास्त काढून ठेवा, कारण एखादा फसतोच. घरातल्या एखाद्याला आधी विचारून बघा. मी स्वयंपाकघरात सासूबाईंना विचारते. त्यांनी पोळी लाटता लाटता "थांब, सांगू नको" म्हटलं की प्रश्न पक्का. लाटणं थांबलंच नाही तर मी तो खोडून टाकते.

आणि तुमच्या पहिल्या डावासाठी एक माझ्याकडून, नाना पाटेकरांचा, संत्रानगरीच्या पाच चुकांसह: खखखख्खाख.